ट्रेलर विजेवर चालेल हो, हप्ता कशावर चालणार?

परवा चाकणच्या आमच्या पार्टीकडून मेल आला. पार्टी म्हणजे ज्यांचा माल आम्ही वाहतो ती कंपनी. नाव लिहीत नाही, नऊ वर्षं त्यांच्या भाड्यावर आमचं घर चाललंय. मेल इंग्रजीत, खाली सहीशेजारी हिरवं पान. मतितार्थ असा की पुढच्या आर्थिक वर्षापासून आमच्या मालवाहतुकीतला काही हिस्सा धूर न सोडणाऱ्या गाड्यांनी व्हायला हवा, तरी आपण आपला आराखडा पंधरा दिवसांत कळवावा.

आराखडा! आमच्याकडे तीन ट्रेलर आहेत. एकाचं फिटनेस पुढच्या महिन्यात संपतंय, एकाचे अजून एकोणीस हप्ते बाकी आहेत आणि तिसरा २०१६ चा, आण्णांनी स्वतः जाऊन घेतलेला शेवटचा. न्हावा शेव्यावरून भरलेला कंटेनर उचलायचा, घाट चढायचा, चाकणला खाली करायचा, रिकामा डबा परत यार्डात आणून टाकायचा. एवढंच आमचं काम. त्याचा आराखडा कधी कुणी मागितला नव्हता.

आमच्या कळंबोलीच्या अड्ड्यावर इलेक्ट्रिक ट्रकचा विषय काढला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, खेळणं आहे, पहिल्या पावसात शॉर्ट होईल. दुसरी यूट्यूब बघून आलेली असते आणि म्हणते, डिझेलला पाच वर्षांत कुणी विचारणार नाही. मला दोन्ही पटेनात. म्हटलं आपण स्वतः बघू. बारा दिवस हेच केलं, शोरूमला गेलो, ट्रायलला बसलो, फायनान्सवाल्याला भेटलो, वीज कनेक्शनची चौकशी केली. आज त्यावर लिहितोय कारण हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. आपल्या देशात बहुतेक ट्रक हे एक-दोन-चार गाड्या असलेल्या माणसांचे आहेत. मोठ्या ताफ्यांच्या फोटोंवर जाऊ नका, त्यांच्याही मागे भाड्याने लावलेल्या गाड्या आमच्याच असतात.

आधी ट्रायलचं सांगतो, कारण तिथे मी खरंच गार झालो.

सोबत आमचे मामा होते. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, माण तालुक्यातले, आण्णांच्या बरोबरीचे. सव्वीस वर्षं घाट चढतायत. गाडी भरलेली, सगळं मिळून चाळीस टनांच्या आसपास वजन. बॅटरी चारशे साडेचारशे युनिटची. (अंदाज यावा म्हणून सांगतो, टाटांच्या प्राइमा ई.५५एस ची बॅटरी ४५३ किलोवॅट-तासांची आहे, म्हणजे ४५३ युनिट, आणि कंपनी रेंज सांगते ३५० किलोमीटरपर्यंत.) खालापूर टोलला स्क्रीनवर ७१ टक्के होते. मामांनी सवयीने डावा हात गिअरकडे नेला, तिथे काहीच नाही. हात तसाच हवेत राहिला थोडा वेळ.

आणि मग घाट. ज्यांनी भरलेला ट्रेलर बोरघाटात चढवलाय त्यांना माहीत आहे, आपण पंधरा-वीसच्या स्पीडने, इंजिन बोंबलतंय, टेम्परेचरच्या काट्याकडे एक डोळा, मागून कारवाले हॉर्न मारतायत आणि मनात एकच, आत्ता थांबवायला लागू नये. ही गाडी चाळीसने चढली. आवाज नाही. मामा एक शब्द बोलले नाहीत. लोणावळ्याला ५२ टक्के.

आता हे १९ टक्के गेले कुठे ते घरी येऊन मी काढलं, कारण शोरूमवाल्या मुलाला ते सांगता येईना. खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. चाळीस टन वजन साडेपाचशे मीटर उचलायला नुसती साठ युनिट लागतात, दहावी-बारावीच्या फिजिक्सचं गणित आहे. मोटरमधली घट आणि रस्त्यावर पळायची वीज धरली की ऐंशी-पंच्याऐंशी होतात. म्हणजे सपाट रस्त्याची रेंज सांगून आपल्याला गाडी विकायची नाही. आपल्या महाराष्ट्रात बंदर खाली आहे आणि कारखाने वर आहेत. माल चढतो आणि रिकामे डबे उतरतात. हे उलटं असतं, खाण डोंगरावर आणि बंदर खाली, तर गाडीने उतरताना अर्धी बॅटरी भरून घेतली असती.

उतरताना आम्ही रिकामा डबा घेऊन आलो. आकडा कमी व्हायच्या ऐवजी दोनाने वाढला. पण मामांना आकड्याचं कौतुक नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष ब्रेकवर. घाट उतरताना पाय उचलला की गाडी स्वतःच मागे ओढते, मोटरच जनरेटर होऊन वीज बनवते, ब्रेकला हात लावायला लागत नाही. लायनर तापून वास येणं, ब्रेक फेल होणं, हे ज्याने पाहिलंय त्याला याची किंमत कळते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारी पोरं आणि त्यातून झालेले अपघात एक्सप्रेसवेवर सगळ्यांनी पाहिलेत. पनवेलला उतरल्यावर मामा एवढंच म्हणाले, “दादा, ही गाडी असती तर माझे गुडघे अजून दहा वर्षं गेले असते.”

तेव्हा गाडी चालते का, हा प्रश्न माझ्यापुरता संपला. गाडी झकास चालते.

आता हिशेब. आमच्याकडे हिशेब बायको बघते, मी फक्त आकडे आणून देतो. हे आकडे माझ्या रूटचे आहेत, तुमचे वेगळे असतील, पण काढायची पद्धत हीच.

न्हावा शेवा ते चाकण जाऊन-येऊन साधारण २६० किलोमीटर. भरलेली आणि रिकामी मिळून माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला तीन. डिझेल नव्वद धरा. किलोमीटरला तीस रुपये, वर युरियाचा एक रुपया. एकतीस.

विजेवर किलोमीटरला दीड युनिट धरलं, चार्जिंगमधली घट पकडून. स्वतःचा चार्जर असेल आणि सगळं मिळून दहा रुपयांनी युनिट पडलं तर पंधरा रुपये. म्हणजे सोळा वाचले. पण हायवेवरच्या सार्वजनिक चार्जरवर अठरा टक्के जीएसटी धरून युनिट वीस रुपयांच्या घरात गेलं तर? तीस रुपये. म्हणजे वाचला एक रुपया. तोच ट्रक, तोच रस्ता, तोच ड्रायव्हर, फक्त वीज कुठून घेतली एवढ्यावर सोळाचा एक होतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जाहिरातीत “डिझेलच्या निम्म्या खर्चात” असं लिहिलेलं असतं, ते स्वतःच्या चार्जरवालं गणित.

बरं, आपण चांगलं तेच धरू. सोळा रुपये. ऑइल, फिल्टर, क्लच, इंजिनकाम नाही त्याचे दीड रुपये धरले. साडेसतरा रुपये किलोमीटरला बचत.

आता गाडीची किंमत. डिझेलचा घोडा (ट्रेलरचा पुढचा भाग हो, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी) सगळं धरून बेचाळीस लाखांना पडतो. सात भरले, पस्तीसचं लोन, दहा टक्क्यांनी पाच वर्षं, हप्ता ७४ हजार. इलेक्ट्रिक सव्वा कोटी. सबसिडी मिळाली असं समजून एक कोटी पंधरा. पंधरा लाख भरले, कोटीचं लोन. व्याज बारा टक्के, कारण फायनान्सवाला म्हणाला, “साहेब, डिझेल गाडी ओढून आणली तर मी तिसऱ्या दिवशी विकतो. ही ओढून आणून मी कुणाला विकू?” त्याचंही चूक नाही. हप्ता दोन लाख बावीस हजार.

दोन हप्त्यांतला फरक महिन्याला एक लाख अठ्ठेचाळीस हजार.

तो फरक साडेसतराने भागा. महिन्याला साडेआठ हजार किलोमीटर गाडी पळाली पाहिजे. म्हणजे बत्तीस-तेहतीस फेऱ्या. महिन्याचे दिवस तीस.

आणि माझ्या गाडीच्या फेऱ्या होतात किती? तेरा. चांगल्या महिन्यात चौदा. तेरा फेऱ्यांचे ३,३८० किलोमीटर, बचत ५९ हजार. बायकोने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, “अहो, हे आधीचं चिन्ह बघा.” वजा एकोणनव्वद हजार. दर महिन्याला. आणि सुरुवातीला आठ लाख जास्त भरलेत ते वेगळे, विम्याचा वाढीव हप्ता वेगळा.

खरी गोष्ट इथे आहे म्हणून जरा थांबतो. तेराच फेऱ्या का? गाडीला ताकद नाही म्हणून नाही. २६० किलोमीटर पळायला आठ-नऊ तास लागतात, बाकी सगळा वेळ उभं राहण्यात जातो. बंदराच्या पार्किंगमध्ये उभे, कागद आले नाहीत म्हणून सीएफएसच्या बाहेर उभे, चाकणला गेटवर उभे कारण आत खाली करायला जागा नाही, रिकामा डबा घ्यायला यार्ड तयार नाही म्हणून परत उभे. डिझेलची जुनी गाडी उभी राहिली तर तिचं दुखत नाही, हप्ते फिटलेले असतात, ड्रायव्हरचा भत्ता सोडून खर्च नाही. इलेक्ट्रिक गाडीचा सगळा पैसा आधीच भरलेला असतो, पळाली तरच तो वसूल होतो. म्हणजे ज्या धंद्यात गाडी महिन्यातले निम्मे दिवस उभी असते, त्या धंद्यात तुम्ही मला पळण्यातच फायदा असलेली गाडी घ्यायला सांगताय. पार्टीने गेटवरचे सहा तास वाचवले तर त्यांच्या कार्बनच्या रिपोर्टला माझ्या सव्वा कोटींपेक्षा जास्त उपयोग होईल. पण गेटवरचा वेळ कमी करा असा मेल त्यांना कुणी पाठवत नाही.

बॅटरीचंही तेच. केंद्राच्या योजनेत अट आहे की कंपनीने बॅटरीला पाच वर्षं किंवा पाच लाख किलोमीटरची वॉरंटी द्यायची, जे आधी होईल ते. माझ्या फेऱ्यांनी पाच वर्षांत होतात दोन लाख. म्हणजे तीन लाख किलोमीटरची वॉरंटी न वापरताच संपणार, आणि सहाव्या वर्षी बॅटरीने त्रास दिला तर मी आणि माझं नशीब. आण्णांचा २०१६ चा घोडा आजही उभा केला तर गिऱ्हाईक येतं. मागे एकदा इंजिन बांधलं, गिअरबॉक्स सेकंडहँड टाकला, रिमोल्ड टायरवर चालतो, गावोगावी त्याचा मिस्त्री आहे. छोट्या ट्रकवाल्याची पेन्शन म्हणजे हप्ते फिटल्यानंतरची गाडी. सहा वर्षं जुना इलेक्ट्रिक घोडा कितीला जाईल, याचा बाजारच अजून तयार झालेला नाही.

सबसिडीबद्दल. पीएम ई-ड्राइव्ह योजना एकूण १०,९०० कोटींची, त्यात ई-ट्रकसाठी ५०० कोटी. जुलै २०२५ मध्ये नियम आले. मोठ्या गाडीला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार, देशभरात मिळून सुमारे ५,६०० ट्रक. चांगली गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. सरकारच्याच पत्रकात लिहिलंय की देशातल्या वाहनांत डिझेल ट्रक फक्त ३ टक्के, पण वाहतुकीतून होणाऱ्या उत्सर्जनात त्यांचा वाटा ४२ टक्के. म्हणजे दुखणं कुठे आहे हे त्यांना ठाऊक आहे. पण अट अशी की जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला पाहिजे. मोठा ताफावाला काढेल एखादा, किंवा दाखला विकत घेईल. मी कुठला काढू? आण्णांचा? तोच एक गाडा असा आहे जो हप्त्याशिवाय घरात पैसा आणतो, आणि बाकी दोघांना पोसतो.

आणि एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने कसं जातं बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिझेल ट्रकवरचा जीएसटी २८ चा १८ झाला. आम्ही पेढे वाटले. इलेक्ट्रिकवर ५ आहेच. पण त्यामुळे दोन्हीतला २३ टक्क्यांचा फरक १३ वर आला. आमच्यासारख्या बहुतेक छोट्यांना गाडीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, कारण भाड्यावरचा कर पार्टी परस्पर भरते. आमच्यासाठी तो किमतीचाच भाग असतो. म्हणजे विजेच्या गाडीचा एक फायदा कुणी काही वाईट न करताच अर्ध्यावर आला.

आता राज्याचं, आणि इथे मला खरंच बोलायचंय. आपलं महाराष्ट्राचं ईव्ही धोरण २०२५ मध्ये आलं, २०३० पर्यंत आहे. त्यात टोलमाफी आहे, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू. ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर ती सुरूही झाली. कुणाला? इलेक्ट्रिक कारला आणि प्रवासी बसला. मालवाहू गाड्या त्यात नाहीत.

मी हे तीनदा वाचलं. चुकून राहिलं असेल म्हणून.

पन्नास लाखांच्या इलेक्ट्रिक कारमधून एकटा माणूस लोणावळ्याला चहा प्यायला जाईल, त्याला टोल माफ. (त्याच्याशी माझं भांडण नाही, चहा प्या.) आणि मी चाळीस टन माल धूर न काढता घाटावर चढवेन, तर मल्टिअ‍ॅक्सलचा एका बाजूचा दोन हजारांच्या वरचा टोल पूर्ण भरायचा. जाऊन-येऊन चार हजार. तेरा फेऱ्यांचे बावन्न हजार. परत आकडा बघा, महिन्याला एकोणनव्वद हजारांचा खड्डा होता. त्यातले बावन्न एका सहीने भरतात. उरले सदतीस. आणि फेऱ्या तेराच्या वीस झाल्या तर टोलमाफीसकट इलेक्ट्रिक गाडी डिझेलच्या पुढे जाते, मी काढून बघितलंय, महिन्याला तेवीस हजारांनी. म्हणजे हे अशक्य नाहीये. टोल आणि सात फेऱ्या. एक सरकारच्या हातात, दुसरं पार्टीच्या आणि बंदराच्या. माझ्या हातात यातलं काहीच नाही, आराखडा मात्र मी द्यायचा.

निष्पक्ष बोलायचं तर काही गोष्टी खरंच सोप्या केल्यात. इलेक्ट्रिक गाडीला परमिट लागत नाही, रोड टॅक्स नाही. तो कागदांचा आणि आरटीओच्या फेऱ्यांचा ताप वाचतो, हे पण लिहिलं पाहिजे.

चार्जिंग. इथे शहरातल्या मित्रांना वाटतं की चार्जर लावला की झालं. मोठ्या ट्रकला दोन तासांत भरायचं तर २४० किलोवॅटचा चार्जर लागतो. एका घराला तीन किलोवॅट धरले तर ऐंशी घरांची वीज एका वायरमधून. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर, उच्चदाबाचं कनेक्शन, आणि गाडी आली नाही तरी महिन्याला ठरलेला डिमांड चार्ज. एका गाडीसाठी हे कुणी करणार नाही. वीस गाड्या असतील तर परवडेल.

पण त्याच्याही आधीचा प्रश्न, लावू कुठे? माझ्याकडे जागा नाही. कळंबोलीच्या आसपास रात्री फिरून या, निम्म्या गाड्या सर्व्हिस रोडला उभ्या असतात. माझ्याही. चलान येतं ते भरतो. “स्वतःचा चार्जर” हे शब्द हिशेबात लिहिताना मी ज्या दहा रुपयांच्या विजेवर सगळं गणित उभं केलं, ती वीज माझ्याकडे रस्त्याच्या कडेला कुठून येणार? म्हणजे माझ्यासाठी खरा आकडा एक रुपयाच्या बचतीवाला. आणि हायवेवर जे चार्जर आहेत ते फूड मॉलमध्ये, कारसाठी आखलेल्या चौकोनात. पन्नास फुटी ट्रेलर तिथे आत गेला तर बाहेर काढायला क्रेन लागेल.

माझं डोकं परत परत एकाच गोष्टीवर येतं. आम्ही बंदराच्या पार्किंगमध्ये तासन् तास उभे असतो. तो वेळ फुकट जातो. तिथेच चार्जर असले, सीएफएसला असले, पार्टीच्या गेटबाहेर असले, तर दोन तास चार्जिंगला “लागतात” असं कुणी म्हणणारच नाही. साठ किलोवॅटचे हळू चार्जरही चालतील, आम्हाला घाई आहे कुठे? पार्टीकडे उच्चदाबाचं कनेक्शन आहे, छपरावर सोलर आहे. आमच्या गेटवर चार्जर लावतो, दहा रुपयांनी वीज देतो, असं एक वाक्य त्या मेलमध्ये असतं तर मी हिरव्या पानाची प्रिंट काढून ऑफिसात लावली असती.

एक गोष्ट कुठल्याच रिपोर्टमध्ये वाचली नाही, ती सांगतो. उधारी. आमचा पंपवाला पंधरा दिवसांची उधारी देतो, ओळख जुनी आहे, कधी महिना होतो. पार्टी भाडं देते साठ दिवसांनी, कधी नव्वद. मधला काळ पंपवाला ओढतो. खरं तर या देशातली निम्मी मालवाहतूक पंपवाल्याच्या वहीवर चालते. चार्जिंगच्या अ‍ॅपमध्ये आधी पैसे टाकावे लागतात, मग गाडी भरते. अ‍ॅपला “शेठ, सोमवारी देतो” म्हणता येत नाही. तीन गाड्यांची दोन महिन्यांची वीज आगाऊ भरायची तर मला आणखी एक लोन काढावं लागेल. (दुसऱ्या बाजूने, विजेची चोरी नाही. डिझेल काढून विकणाऱ्या पोरांमुळे ज्यांची झोप उडालीय ते मालक नुसत्या एवढ्यासाठी इलेक्ट्रिक घेतील. मामा हे वाचणार आहेत, मामा, तुमच्याबद्दल नाही.)

मग हे चालतं कुठे? चालतं ना. आमच्या नाकासमोर चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जेएनपीएत केंद्रीय मंत्री सर्बानंद सोनोवाल यांच्या हस्ते ५० हेवी इलेक्ट्रिक ट्रक आणि बॅटरी बदलायचं स्टेशन सुरू झालं. बंदराच्या आतल्या आत, एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर, दिवसरात्र. बॅटरी संपली की काही मिनिटांत भरलेली टाकायची. छोटं अंतर, सपाट रस्ता, ठरलेला मार्ग, रात्रीही काम, चार्जिंग अंगणात. स्टील आणि सिमेंट कारखान्यांच्या आसपासही असंच, खाण ते कारखाना, कारखाना ते रेल्वे साइडिंग. तिथे हिशेब जुळतो कारण गाडी उभी राहत नाही. शहरातल्या छोट्या टेम्पोंचंही जमतंय, ऐंशी-शंभर किलोमीटर फिरायचं आणि रात्री गोडाऊनला चार्जिंगला लावायचं.

बॅटरी बदलण्याच्या पद्धतीवर माझी थोडी आशा आहे. गाडी आपली, बॅटरी भाड्याची. मग किंमत एकदम खाली येते, बॅटरीच्या म्हातारपणाची भीती दुसऱ्याच्या डोक्यावर जाते, आणि फायनान्सवाल्यालाही समजेल अशी वस्तू उरते. मुंबई-पुणे मार्गासाठी अशा ट्रकचा शुभारंभ २०२५ मध्ये चाकणलाच झाला. पण यात एक मेख आहे. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसत नाही. डिझेल कुठल्याही पंपावर कुठल्याही गाडीत जातं, म्हणून एका पंपवाल्याने भाव वाढवला तर मी पुढच्या पंपावर जातो. बॅटरीचं तसं नसेल तर जो स्टेशनवाला तोच माझा सावकार. ठरलेल्या मापाची बॅटरी सगळ्यांना बंधनकारक केल्याशिवाय छोट्या माणसाने यात उडी मारू नये असं माझं मत आहे. चुकत असेन तर सांगा.

तर मी काय केलं. बाराव्या दिवशी पार्टीच्या लॉजिस्टिक्सच्या साहेबांना फोन केला. माणूस चांगला आहे, माझ्याच वयाचा. म्हणाले, “वरून प्रेशर आहे हो. तुमच्या गाड्यांचा धूर आता आमच्या रिपोर्टमध्ये मोजायला लागतो.” मी म्हटलं मोजा, माझी हरकत नाही. आणि माझा आराखडा फोनवरच सांगितला. एक इलेक्ट्रिक घोडा घेतो. पाच वर्षांचं अ‍ॅग्रीमेंट द्या, महिन्याला कमीत कमी वीस फेऱ्यांची हमी द्या, तेवढ्या झाल्या नाहीत तर तेवढ्याचे पैसे द्या, गेटवर चार्जर लावा आणि त्या गाडीला रांगेत उभं करू नका. टोलचं तुमच्या असोसिएशनमार्फत सरकारकडे मांडा, आमच्या असोसिएशनचं कोण ऐकतं?

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “पाच वर्षांचं मला नाही देता येणार. आमचे रेट दरवर्षी टेंडरवर ठरतात, तुम्हाला माहितीये.” माहितीये. गेल्या टेंडरला भाडं बाराशे रुपयांनी कमी करून घेतलं होतं, ते पण माहितीये. एका वर्षाच्या ऑर्डरवर पाच वर्षांचं कर्ज, हे कुठल्या बँकेत बसतं? मी विचारलं, “मग इलेक्ट्रिक गाडीला भाडं किती जास्त देणार?” तर म्हणाले, “जास्त? डिझेलपेक्षा वीज स्वस्त आहे ना, तुम्हीच थोडं कमी करायला पाहिजे.”

मी हसलो. तेही हसले. खरंच चांगला माणूस आहे.

शेवटी ठरलं ते असं. ते वर बोलून बघतायत, निदान तीन वर्षं आणि गेटवर एक चार्जर यासाठी. मी लेखी पाठवतोय, हाच सगळा हिशेब मेलमध्ये टाकून. अड्ड्यावरच्या आम्ही अकरा जणांनी, सगळ्यांच्या मिळून सव्वीस गाड्या, एकत्र येऊन एखादी जागा भाड्याने घेऊन चार्जर लावता येईल का, याची बोलणी चाललीत. सव्वीस गाड्यांत एक ट्रान्सफॉर्मर परवडतो. पण अकरा ट्रान्सपोर्टवाले एका टेबलावर भाड्याचा रेट सोडून दुसऱ्या कशावर तासभर बोललेत असं अजून झालेलं नाही, बघू रविवारी काय होतंय. टोलमाफीत मालवाहू गाड्या घ्या, असं निवेदन मात्र तयार आहे. पनवेल, उरण, तळेगाव, चाकण भागातले कुणी ट्रान्सपोर्टवाले हे वाचत असतील तर सहीसाठी इनबॉक्समध्ये या. ज्यांनी खरंच इलेक्ट्रिक घोडा घेतलाय आणि स्वतःच्या पैशांनी हप्ता भरतायत, त्यांनी तर नक्कीच आपले आकडे कमेंटमध्ये टाका, माझा हिशेब चुकीचा निघाला तर मला आनंदच होईल.

आणि हो, आण्णांना हे सगळं जेवताना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भाकरी संपवली आणि विचारलं, “मामाला गिअर नाही सापडला?” मग एकटेच खूप वेळ हसत बसले.